भांग की गांजा: झाड एक, तऱ्हा दोन

महाशिवरात्रीला औंढ्याला, परळीला गर्दी उसळली की कुठंतरी भांगेची थंडाई घोटली जातेच. झाड गांजाचंच; पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा. टीएचसी हे नशेचं द्रव्य फुलोऱ्यात जास्त, म्हणून गांजा कडक समजतात.

पण माणसाला फसवते ती भांग. चिलमीचा धूर फुप्फुसातून काही मिनिटांत डोक्यात जातो आणि साधारण २-३ तासांत उतरतो. भांग पोटातून जाते. अर्धा तास, कधी दोन तासही काहीच जाणवत नाही. ‘चढंना की राव’ म्हणत गडी दुसरा पेला रिचवतो, मग दोन्ही एकदम चढतात. यकृतात टीएचसीचं आणखी जोरकस रूप तयार होतं. तोंड कोरडं, छातीत धडधड, भलतीच भीती, आणि हे ६-८ तास. हृदयविकार किंवा मानसिक आजार असलेल्यानं दोन्हींच्या वाटेला जाऊ नये.

कायद्याचं गणित वेगळं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात (एनडीपीएस) गांजा येतो, नुसती पानं येत नाहीत. म्हणून भांग मोकळी, असं नव्हे. महाराष्ट्रात तिला दारूबंदी कायदा आडवा येतो. तुरीच्या ओळींत गांजाची झाडं लपवणाऱ्याला मात्र १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.