स्वागत समारंभात वाद्यवृंद की डीजे?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या लॉनवर स्वागत समारंभ ठरला, की गायक-वादकांना बोलवावे की डीजेला, हा प्रश्न घरात हमखास निघतो.

डीजेची बाजू कमकुवत नाही. एकच माणूस कोळीगीतापासून नव्या चित्रपटगीतापर्यंत काहीही क्षणात वाजवतो, जागा कमी लागते आणि वधूवरांच्या मित्रमंडळींना मनसोक्त नाचता येते. मात्र दोन माणसांचे साधे बोलणे सुमारे 60 डेसिबलचे असते, तर नाचाचे संगीत सहज 90च्या पुढे जाते. अशा वेळी रत्नागिरीहून पहाटे निघून आलेल्या आत्याला भाचीशी चार शब्दही बोलता येत नाहीत, हे मला फार खटकते.

गायक, संवादिनी, तबला आणि बासरी एवढा छोटा संच असला, तर स्टेजवर आहेर देणाऱ्यांची रांग लांबली तरी लय संथ ठेवता येते, आजोबांची फर्माईश ऐकून गाणे बदलता येते आणि वधूवर प्रवेश करतात त्या क्षणी सूर त्यांच्या पावलांबरोबर चढवता येतो. ही दाद देणारी, माणसे पाहून वाजणारी साथ ध्वनिमुद्रणात नसते, म्हणून माझा कौल वाद्यवृंदालाच आहे. खर्च मात्र कलाकारांच्या संख्येनुसार वाढतो.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार उघड्यावर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही; त्यामुळे नाच हवाच असेल, तर शेवटचा अर्धा तास, साडेनऊ ते दहा, डीजेला द्यावा.