‘परीक्षा न देता पोस्टमन’ म्हणून फोन आला तर आधी हे वाचा

माझ्या धाकट्या भावाने ग्रामीण डाक सेवक भरतीचा ऑनलाइन फॉर्म भरला होता. पहिली यादी लागली, तिच्यात नाव नव्हतं, आणि लगेचच त्याला फोन आला. समोरच्याकडे त्याचा नोंदणी क्रमांक होता, कोणतं डिव्हिजन निवडलंय ते ठाऊक होतं, दहावीचे टक्केसुद्धा. म्हणाला, ‘डाक सेवकाची जागा हुकली तरी पोस्टमनच्या काही जागा वरच्या ऑफिसच्या हातात असतात. परीक्षा नाही. केंद्र सरकारची कायम नोकरी, सुरुवातीलाच पस्तीस हजार. दुसऱ्या यादीत तुमचं नाव घालून घेतो.’

या बोलण्यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर बरीचशी खरी वाटते, म्हणूनच पोरं फसतात. दुसरी, तिसरी यादी खरोखर लागते, कारण निवड झालेले काही जण रुजूच होत नाहीत. परीक्षा नाही हेही खरं, पण ते फक्त डाक सेवकाला. ती निवड दहावीच्या गुणांवर संगणकाने लावलेल्या गुणवत्ता यादीतून होते. पस्तीस हजारही खोटे नव्हेत, पण ते पोस्टमनचे: सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन 21,700 रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. त्या भामट्याने एका नोकरीची निवडपद्धत घेतली, दुसरीचा पगार घेतला आणि दोन्ही एकत्र शिवून आमच्या पोराला दाखवले. अशी नोकरी टपाल खात्यात नाही.

मग पैशांची मागणी सुरू झाली. आधी ‘फाइल वर काढायला’ 1,850 रुपये. आठवडाभराने गणवेश, ओळखपत्र आणि ट्रेनिंगचे 12,500. प्रत्येक वेळी यूपीआयचा क्रमांक वेगळा आणि खातं कुठल्या तरी खासगी माणसाच्या नावावर. भावाने विचारलं, ‘सर, सरकारी खात्यावर का नाही?’ उत्तर आलं की हे आतलं काम आहे, पावती मागितली तर नाव कापलं जाईल. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर नियुक्तिपत्र आलं, वर राजमुद्रा, खाली सही-शिक्का, पद ‘मेल डिलिव्हरी ऑफिसर’.

ते पत्र आम्ही गावच्या शाखा डाकघरात दाखवलं. तिथल्या पोस्टमास्तर काकांनी पदाचं नाव वाचूनच मान हलवली. ‘ताई, असं पद आपल्या खात्यात नाही.’ नंतर बराच वेळ बसून त्यांनी कोणत्या जागेला काय मिळतं ते समजावलं. ते इथे लिहिते आहे, कारण आमच्या घरात हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्या माणसाचं दुसरं वाक्यही भावाने ऐकून घेतलं नसतं.

शाखा पोस्टमास्तर म्हणजे बीपीएम, त्यांना 12,000 ते 29,380 रुपये. सहायक बीपीएम आणि डाक सेवकाला 10,000 ते 24,470. वर महागाई भत्ता. काम रोज चार-पाच तासांचं आणि हे लोक खात्याचे नियमित कर्मचारी धरले जात नाहीत, त्यामुळे पोटापाण्याचं दुसरं साधन असणं अपेक्षितच असतं. बीपीएमला डाकघरासाठी जागाही स्वतः द्यावी लागते. नियमित नोकऱ्या वेगळ्या: एमटीएस म्हणजे मल्टी टास्किंग स्टाफ, 18,000 मूळ वेतनापासून, पोस्टमन 21,700, टपाल सहायक 25,500. टपाल सहायकाची थेट भरती पदवीनंतर कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून होते. डाक सेवकांना विभागीय परीक्षा देऊन एमटीएस किंवा पोस्टमन होता येतं. फोनवरून यांतलं काहीच होता येत नाही.

फीचंही सांगते. डाक सेवकाच्या अर्जाला 100 रुपये, तेही ऑनलाइन. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तेवढेही नाहीत. निवड झाली तर मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः पडताळणीला जावं लागतं. उमेदवारांना खातं फोन करत नाही, हे भरतीच्या जाहिरातीतच छापलेलं असतं. 2025च्या सुरुवातीला देशभरात 21,413 जागा निघाल्या होत्या. एवढी मोठी भरती निघाली की याद्यांची वाट बघणारी पोरं हजारोंनी असतात आणि या टोळ्या नेमक्या त्या वाट बघण्याच्या दिवसांत फोन करतात. खुल्या गटातून, सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर फॉर्म भरलेला मुलगा आधीच धास्तावलेला असतो. त्याच्या त्या धास्तीवर धंदा करणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे.

आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. शेवटचे पैसे गेलेलं खातं बँकेने गोठवलं आहे. आधीचं रिकामं निघालं. तुमच्या घरी असं घडलं तर लाजून गप्प बसू नका आणि पोराला बोल लावत बसू नका, पहिल्याच तासात 1930 लावा, कारण खात्यातून पैसे पुढे सरकायच्या आत अडवले तरच हाती लागतात. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, स्क्रीनशॉट, ते खोटं पत्र, काहीही डिलीट करू नका. आमच्या तक्रारीत सगळ्यात उपयोगी पडलं ते भावाने जपून ठेवलेलं कॉल रेकॉर्डिंग.