मडगार्डवर टांगलेले साडेबारा किलो : घडीच्या ई-स्कूटरचे अकरा महिने

सप्टेंबरातल्या एका पावसाळी शनिवारी म्युनिकच्या ओस्टबानहोफ स्थानकाच्या जिन्यात, वरून पाचव्या की सहाव्या पायरीवर, माझ्या स्कूटरचा मागचा मडगार्ड ‘कट्’ असा आवाज करून तुटला आणि घडी घातलेली स्कूटर हातातल्या हातात उलगडली. दांडा माझ्या मुठीत राहिला, फळी खाली कोसळली आणि मागचे चाक शेजारून उतरणाऱ्या एका आजोबांच्या छत्रीला चाटून माझ्या नडगीवर आदळले. आजोबांनी थांबून विचारपूस केली. मी हसून ‘काही नाही’ म्हटले, पण त्यानंतरचे पाच आठवडे मी दुसऱ्या कशाविषयी फारसे बोलले नाही, असे घरच्यांचे म्हणणे आहे.

हा अनुभव लिहिताना वेग, वॉट, टायरचा आकार यांची उजळणी मी करणार नाही. पायाने ढकलून सुरू करायची, उभ्याने चालवायची, पुढच्या चाकात मोटर आणि पायाखालच्या फळीत बॅटरी असलेली ही स्कूटर आता सर्वांच्या ओळखीची आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या दोषाबद्दल मी लिहिते आहे तो एका कंपनीचा नसून या घाटाच्या अनेक स्कूटरांचा आहे.

दोष असा आहे. घडी घालताना दांडा मागे लवतो आणि घंटीच्या पात्याला असलेला छोटा आकडा मागच्या मडगार्डच्या पाठीवरच्या खाचेत अडकतो. दुकानात पाहताना ही युक्ती फार गोड वाटते, कारण वेगळा खटका नाही, वेगळा पट्टा नाही, घंटीच कुलपाचे काम करते. पण मग दांडा धरून स्कूटर उचलली की ती मिटलेली राहते ती केवळ त्या मडगार्डच्या जिवावर, आणि मडगार्ड म्हणजे दोन-तीन स्क्रूंवर उभा असलेला तळहाताएवढ्या रुंदीचा प्लास्टिकचा पत्रा. साडेबारा किलो सगळेच्या सगळे त्याच्यावर येत नाहीत हे मला कळते, परंतु प्रत्येक पायरीला बसणारा हिसका मात्र त्याच्याच वाट्याला येतो. चिखल अडवण्यासाठी केलेल्या वस्तूला हमालीला जुंपले आहे. त्यावर कडी म्हणजे मागच्या दिव्याची तारही त्याच मडगार्डमधून जाते आणि जर्मनीत सक्तीचा असलेला विम्याचा स्टिकरही त्याच्याच शेपटीवर चिकटवलेला असतो, म्हणजे तो तुटला की घडी गेली, दिवा गेला आणि कायदाही गेला.

ही स्कूटर मी का घेतली, ते थोडक्यात सांगते. मी म्युनिकजवळच्या गेर्मेरिंगला राहते आणि कार्यालय शहराच्या दुसऱ्या बाजूच्या उंटरफोरिंगला आहे. दोन्ही गावे एस-८ या एकाच एस-बान, म्हणजे उपनगरी रेल्वेच्या मार्गावर असल्यामुळे गाडी बदलावी लागत नाही. अडचण आहे ती घरापासून स्थानकापर्यंतच्या २.३ किलोमीटरची आणि स्थानकापासून कार्यालयापर्यंतच्या १.६ किलोमीटरची. सायकल गाडीत घ्यावी तर सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ या वेळात ती चालत नाही, आणि माझे येणे-जाणे नेमके त्याच वेळात असते. घडी घातलेली स्कूटर मात्र सामान म्हणून फुकट नेता येते. म्युनिकची शहर वाहतूक कंपनी एमव्हीजी हिने १ एप्रिल २०२४ पासून यू-बान (भुयारी रेल्वे), ट्राम आणि बसमध्ये ई-स्कूटर नेण्यास बंदी घातली आहे, ती बॅटरीला आग लागण्याच्या भीतीने. परंतु ती बंदी एस-बानला नव्हती आणि मला एस-बानखेरीज काही लागत नव्हते, म्हणून तो नियम ‘दुसऱ्यांसाठी’ या सदरात टाकून मी मोकळी झाले. मार्च २०२५ मध्ये ३९९ युरोंना स्कूटर घेतली. महिना ठरवून निवडला होता, कारण इथला स्कूटरविम्याचा वर्षारंभ १ मार्चला होतो आणि वर्षाच्या मध्येच सुरुवात करणे माझ्या स्वभावात बसत नाही.

पहिले सहा महिने मी या वस्तूची चालतीबोलती जाहिरात होते. कार्यालयातल्या चौघांना मी एकच सल्ला दिला, की वजन पाहा, बाकी काही पाहू नका. एका सहकाऱ्याची सतरा किलोंची स्कूटर मी जिना चढून वर नेऊन पाहिली होती आणि तिसाव्या पायरीवर ठेवून दिली होती. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो असतो. माझी आख्खी स्कूटर त्याहून हलकी आहे, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकवले की नवरा तिला ‘सिलिंडर’ म्हणू लागला. खर्चाचा हिशेबही गोड होता. २७५ वॉट-तासांची बॅटरी पूर्ण भरायला आमच्या दराने दहा-अकरा सेंट लागतात, आणि रोजचे आठ किलोमीटर धरले तर उन्हाळ्यात दोन दिवसांनी एकदा भरली तरी पुरते. जाहिरातीत तीस किलोमीटर लिहिले आहेत. मला अठरा मिळाले, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्या तीसवर विश्वास मी पहिल्या दिवसापासूनच ठेवला नव्हता.

मग तो शनिवार आला. शहराच्या पोटातून जाणारा एस-बानचा मधला बोगदा कामासाठी बंद असल्याची सूचना आधीपासून लावलेली होती आणि मी ती वाचली नव्हती. गाडी ओस्टबानहोफला संपली, सगळे उतरले आणि सगळे यू-५ या यू-बान मार्गाकडे वळले. ज्या नियमाला मी ‘दुसऱ्यांसाठी’ म्हणून बाजूला ठेवले होते, तो माझ्यापुढे पाटीवर उभा होता, आणि तेही हातात मोडकी स्कूटर, तारेवर लोंबणारा दिवा आणि वर पाऊस असताना. त्या अवस्थेत चालवण्याचे धाडस झाले नाही. टॅक्सी करण्याचा विचार मनात आला आणि मीटरच्या आकड्याच्या कल्पनेने तसाच गेला. दांडा सरळ करून, लोंबणारा मडगार्ड ओळखपत्राच्या पट्ट्याने फळीला बांधून, मी रोझेनहायमर श्ट्रासे या रस्त्याच्या उताराने, इझार नदी ओलांडून, हाउप्टबानहोफ या मुख्य स्थानकापर्यंत चारेक किलोमीटर स्कूटर ढकलत नेली. मडगार्ड नसलेले चाक ढकलत नेतानाही किती चिखल उडवते, ते माझ्या उजव्या पायाच्या पिंढरीवर दिसत होते.

दुकानाशी झालेला पत्रव्यवहार हा या अनुभवाचा दुसरा अंक आहे. माझ्या पहिल्या पत्राला उत्तर आले की मडगार्ड हा ‘फेरश्लाइसटाइल’, म्हणजे झिजणारा भाग असल्यामुळे तो हमीत येत नाही. ब्रेकची पॅड झिजतात, टायर झिजतो, हे मान्य. पण मडगार्ड कशावर घासून झिजतो, हे विचारणारे दुसरे पत्र मी त्याच रात्री लिहिले. त्यावर असे कळवण्यात आले की स्कूटर ‘अयोग्य रीतीने’ उचलली गेली असावी. उचलण्याची योग्य रीत पाहावी म्हणून मी माहितीपुस्तिका काढली, तर तिच्यातल्या चित्रात एक माणूस दांडा धरून, नेमकी माझ्यासारखीच स्कूटर घेऊन उभा आहे. त्या पानाचे छायाचित्र तिसऱ्या पत्राला जोडले आणि सोबत जर्मन नागरी कायद्याचे ४७७ वे कलमही जोडले. १ जानेवारी २०२२ पासून या कलमानुसार ग्राहकाने घेतलेल्या वस्तूत पहिल्या बारा महिन्यांत दोष दिसला, तर तो आधीपासून होता असे गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे विक्रेत्याला सिद्ध करावे लागते. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. माझ्या खरेदीला सहा महिने नुकतेच उलटले होते, त्यामुळे हा फरक मी अधोरेखित करून पाठवला. तिसऱ्या पत्रानंतर भाषा मऊ झाली आणि मडगार्ड फुकट मिळेल असे आश्वासन आले. मात्र स्टिकरची जागा असलेला जर्मनीसाठीचा मडगार्ड शिल्लक नव्हता. साधा मडगार्ड इंटरनेटवर बारा युरोंना दुसऱ्या दिवशी मिळत होता, पण त्याला स्टिकरची जागा नाही, आणि या स्कूटरला सरकारी मंजुरी ज्या स्वरूपात मिळालेली असते त्यात आपल्या मनाने बदल करण्याची माझी तयारी नव्हती. मी वाट पाहिली. पाच आठवडे.

आणि मडगार्ड आला तेव्हा स्टिकर गेला. विम्याचा हिरवा स्टिकर काढायला जावे तर त्याचे तुकडे पडतात, कारण तो दुसऱ्या गाडीवर लावता येऊ नये अशाच बेताने बनवलेला असतो. वैध स्टिकरशिवाय चालवल्यास चाळीस युरो दंड आहे, आणि विमाच नसेल तर प्रकरण दंडावर न थांबता गुन्ह्यात जाते. विमा कंपनीने थोडे शुल्क घेऊन दुसरा स्टिकर पाठवला आणि त्यात आणखी एक आठवडा गेला. फुकट मिळालेल्या प्लास्टिकच्या तुकड्याचा खर्च, टपाल आणि शुल्क धरून, अशा रीतीने त्या बारा युरोंच्या पलीकडे गेला.

इथे मला माझे आधीचे मत बदलावे लागते. वजन पाहा, हा सल्ला चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. घडीची स्कूटर आपण चालवतो त्याहून जास्त वेळा उचलतो, ठेवतो, टेकवतो आणि पुन्हा उचलतो, आणि म्हणून तिची खरी परीक्षा घडी मिटलेली कशी राहते इथे होते. सहकाऱ्याच्या ज्या सतरा किलोंच्या स्कूटरला मी नावे ठेवली होती, तिचा दांडा फळीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्यात अडकतो आणि मडगार्डला त्या व्यवहाराचा पत्ताही नसतो. ती जड आहे हे मी अजूनही म्हणते; मात्र आता जरा हळू म्हणते.

मडगार्ड नवा बसला तरी त्याच्या खाचेत आकडा अडकवायचे मी बंद केले आहे. त्याऐवजी लक्ष्मी रोडवरून आईने पाठवलेल्या परकराच्या नाड्यांच्या जुडीतली एक नाडी कामाला लावली. दांडा खाली आणला की नाडी फळीखालून एकदा आणि दांड्यावरून दोनदा फिरवायची, सुरगाठ मारायची आणि उचलायची. भार फळीवर येतो, मडगार्ड मोकळा राहतो. फलाटावर गाठ सोडायला चार-पाच सेकंद जास्त लागतात. सुरुवातीला लोक पाहायचे. एका जर्मन बाईंनी तो पट्टा कुठे मिळतो असे गंभीरपणे विचारले, आणि परकर म्हणजे काय हे समजावून सांगेपर्यंत पाझिंग स्थानक आले.

बाकीच्या गोष्टींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ताशी वीस किलोमीटर ही कायद्याची मर्यादा सायकलमार्गावर मला कधी कमी वाटली नाही. पंक्चर एकदाच झाले, जानेवारीत, बर्फावर पसरलेल्या बारीक खडीमुळे, आणि साडेआठ इंची चाकाचा टायर रिमवर परत चढवताना स्वयंपाकघरातले दोन चमचे कायमचे वाकले. थंडीत बॅटरी अठराची बारा किलोमीटरवर आली. बाहेरून आणल्यावर लगेच चार्जिंगला लावायची नाही, तासभर घरात ठेवून मग लावायची, हे मात्र मी पाळते, कारण शून्याखालच्या तापमानात लिथियम बॅटरी भरली तर ती आतून कायमची खराब होते. ज्या दिवसांत रस्त्यावर बर्फ गोठलेला होता त्या दिवसांत मी चालत गेले, आणि २.३ किलोमीटर चालायला अर्धा तास लागतो हे अनुभवल्यावर स्कूटरबद्दलचा माझा राग बराच निवळला, हेही कबूल करते.

कुणी घेणार असेल तर दुकानात तिच्यावर उभे राहून फेरी मारण्याआधी घडी घालावी, एका हाताने उचलावी, आणि जिना उतरताना बसतात तसे दहा-बारा हिसके देऊन पाहावेत. विक्रेता अस्वस्थ झाला तर होऊ द्यावा. मागचा मडगार्ड सुटा मिळतो का आणि किती दिवसांत मिळतो, हे बॅटरीच्या आधी विचारावे.

येत्या १ मार्चपासून नव्या विमावर्षाचा काळा स्टिकर लागेल. तो कालच टपालाने आला आहे. हिरवा काढण्यासाठी केस वाळवण्याचे यंत्र लावून तो आधी मऊ करायचा आणि मग नखाने उचलायचा असा माझा बेत आहे, पण त्या उष्णतेने मडगार्डचे प्लास्टिक वाकणार नाही ना, या शंकेने मी आज दुपारी यंत्र दोनदा सुरू केले आणि दोनदा बंद केले.