जुन्या प्रसारण नाट्यगृहात डिजिटल मिक्सर

आमच्या वारसा वास्तूतला अ‍ॅनालॉग मिक्सर (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून त्यांची पातळी ठरवणारं यंत्र) काढून डिजिटल बसवला, आणि मी मनापासून खूश आहे. भिंतीला नवं भोक पाडायला परवानगी नव्हती. जाडजूड मल्टिकोर (अनेक माइकच्या तारा एकत्र असलेली केबल) काढून त्याच जुन्या नळीतून दोन कॅट-सिक्स (संगणक नेटवर्कच्या) केबल नेल्या. एक तुटली तर दुसरी लगेच भार उचलते. माइकचा सिग्नल स्टेजबॉक्समध्येच, म्हणजे माइक जोडायच्या रंगमंचाजवळच्या पेटीतच, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला डिजिटल होतो, त्यामुळे लांबच्या तारेत शिरणारी डिमरची (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) घरघर गेली! सीन रिकॉल, म्हणजे साठवलेली मांडणी परत आणणं, तर फारच आवडला: नाटकाची तालीम संपली की एका बटणावर मुलाखतीची मांडणी हजर, फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) आपोआप जागेवर सरकतात. प्रसारणाचं मिक्स मात्र सभागृहापेक्षा वेगळंच ठेवा, नाहीतर रेडिओवर टाळ्या पार कोरड्या वाटतात. खटकलं एकच, स्टेजबॉक्सचा पंखा. शांत प्रसंगात तो स्पष्ट ऐकू येतो; बसवतानाच विंगेमागे ठेवून घ्या.