सरकारी लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी: ५ पैकी ४

आधी गरोदरपणातल्या या गोळ्यांबद्दल सांगते, मग मेडिकलमधल्या एका महागड्या पावडरच्या डब्याकडे येते.

लाल गोळीत ६० मिलिग्रॅम आयर्न आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, कमीत कमी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. आरोग्य केंद्रात फुकट, आमच्याकडे तर आशाताई घरी आणून देतात आणि वर "घेतली का गं?" म्हणून रस्त्यात अडवून विचारतात. साखरेचं कोटिंग आहे त्यामुळे पटकन गिळली तर काही कळत नाही पण तोंडात जरा रेंगाळली की संपलं, लोखंडी तवा चाटल्यासारखं तोंड होतं. शी काळी होते, घाबरू नका, नॉर्मल आहे. पोट मात्र गच्च धरतं, त्याचाच एक स्टार कापलाय. मी रात्री जेवणानंतर घ्यायचे, मळमळ कमी झाली, सोबत लिंबूपाणी किंवा पेरू. चहा अजिबात नाही हं, चहाने आयर्न अंगी लागत नाही.

कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, ही भलीमोठी आणि खडूसारखी, मी अर्धी करून गिळायचे. स्ट्रिपवर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम दिसलं तर जास्त डोस दिला म्हणून ओरडू नका, त्यात खरं कॅल्शियम ५००च असतं. दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, मधे दोन तास तरी जाऊ द्या नाहीतर कॅल्शियम आयर्नला आत शिरू देत नाही.

आता डबा. मेडिकलवाल्याने गळ्यात मारलेली पावडर, नाव घेत नाही, डब्यावर मोठ्ठं "बाळाच्या फुफ्फुसांच्या वाढीसाठी मिनरल्स". सासूबाई एकदम इम्प्रेस. मी मागचं बारीक अक्षर वाचलं तर आयर्न लाल गोळीच्या पावभर पण नाही, आणि साखर बघा किती! तपासणीला गेल्यावर डॉक्टर मॅडमना सरळ विचारलं की मिनरल्सने फुफ्फुसं बनतात का हो. त्या म्हणाल्या, अगं फुफ्फुसं बनतात वेळेने. आतला तो साबणासारखा पदार्थ, सर्फॅक्टंट, ज्याच्यामुळे हवेचे फुगे मिटून चिकटत नाहीत, तो साधारण २४व्या आठवड्यापासून बनायला लागतो आणि पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात. त्याआधी बाळ आलं तर श्वासाला त्रास होऊ शकतो, म्हणून लवकर डिलिव्हरी होणार असं दिसलं की आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, फुफ्फुसं पिकवायचं खरं औषध ते.

मग गोळ्यांचं काम काय? तर बाळाला पोटात पुरेसे दिवस राहू देणं. आईला ॲनिमिया म्हणजे अंगात रक्त कमी असेल तर वेळेआधी डिलिव्हरी आणि कमी वजनाचा धोका वाढतो, आणि आपल्या देशात २०१९-२१च्या सर्व्हेत ५२ टक्के गरोदर बायका ॲनिमिक निघाल्यात, म्हणजे निम्म्याहून जास्त! कॅल्शियमचं पण तसंच, ज्यांच्या जेवणात ते कमी पडतं त्यांना गोळीने प्रीएक्लॅम्प्सियाचा म्हणजे त्या वाढलेल्या बीपीवाल्या आजाराचा धोका कमी होतो, आणि तो आजार झाला की बरेचदा डॉक्टरांना बाळ लवकर बाहेर काढावं लागतं. आयोडीन जरा जास्त थेट, थायरॉइडचं हार्मोन त्याच्यापासून बनतं आणि फुफ्फुसं तयार होण्यात त्या हार्मोनचा हात असतो, पण त्याला डबा कशाला लागतो, घरातलं आयोडीनवालं मीठ आहे ना. झिंक, सेलेनियम वगैरेचं बरंचसं उंदरांवरच्या प्रयोगांतलं, त्यावर एवढे पैसे मागणं मला तरी पटलं नाही.

थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, आयर्न-कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी पण नीट लागू पडत नाही, तिला चार तास लांब ठेवायला सांगतात. डब्याला ५ पैकी १, तो पण चॉकलेट फ्लेवरसाठी, सध्या नवरा दुधात घालून संपवतोय.