मोनो तबकडीतले तिघे: ‘डेड मून’ अनेक महिने ऐकल्यानंतर

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहराच्या वेशीवर क्लॅकमस नावाची एक लहान वस्ती आहे. ‘डेड मून’ हा तिघांचा गॅरेज रॉक (म्हणजे कच्च्या, ओबडधोबड आवाजाच्या रॉक संगीताचा) बँड १९८७ मध्ये याच परिसरात उभा राहिला आणि २००६ पर्यंत, गाणी लिहिण्यापासून तबकडीची मूळ प्रत कोरण्यापर्यंत, जवळजवळ सगळे काम स्वतःच्या हातांनी करत राहिला. या बँडच्या पहिल्या तीन एलपींच्या (मोठ्या तबकड्यांच्या), म्हणजे ‘इन द ग्रेव्हयार्ड’ (१९८८), ‘अननोन पॅसेज’ (१९८९) आणि ‘डिफायन्स’ (१९९०) यांच्या, पुनर्मुद्रित प्रती आणि ‘सब पॉप’ कंपनीने २००६ मध्ये काढलेला ‘इकोज ऑफ द पास्ट’ हा दोन सीडींचा संग्रह मी गेले कित्येक महिने नियमित ऐकत आले आहे. अशा संगीताविषयी पहिल्या आठवड्यात दिलेले मत फारसे उपयोगाचे नसते. सुरुवातीला कानावर आदळतो तो केवळ खरखरीतपणा, आणि त्याच्या आत काय चालले आहे हे उमगायला कानाला सवड द्यावी लागते. म्हणून हा अभिप्राय मुद्दाम उशिरा लिहीत आहे.

आधी आवाजाविषयी, कारण बहुतेक श्रोते तिथेच थबकतात. गिटार, बेस आणि ड्रम एवढीच वाद्ये आहेत. फ्रेड कोल यांचा गळा उंच, चिरका आणि सतत तुटण्याच्या बेताला आलेला असतो. त्यांच्या पत्नी टूडी कोल बेस वाजवतात आणि साथीला गातात, काही गाण्यांत मुख्य आवाजही त्यांचाच असतो. अँड्र्यू लूमिस यांचे ड्रम एका गठ्ठ्यात मुद्रित झाल्यासारखे येतात, त्यातला प्रत्येक ढोल वेगळा काढून दाखवता येत नाही. सगळे मोनोमध्ये आहे. डावीकडे गिटार, उजवीकडे दुसरे काही, अशी मांडणीच नाही. तिन्ही वाद्ये आणि दोन्ही गळे एकाच ठिकाणाहून येतात आणि जागेसाठी एकमेकांशी झगडतात. पहिल्या काही वेळा ऐकताना हा झगडा म्हणजे नुसती गर्दी वाटते. पुढे मात्र लक्षात येते की टूडी यांचा बेस या गर्दीत कधीच हरवत नाही. गिटार भरकटते, गळा वर चढतो, ड्रम पुढे धावतात, आणि बेस आपल्या साध्या, न थकणाऱ्या सुरावटीने गाण्याला जागेवर धरून ठेवतो. हे एकदा कानाने पकडले की या तबकड्या पूर्वीसारख्या ऐकूच येत नाहीत. गाणे गिटारवर उभे आहे असे वाटत होते, ते प्रत्यक्षात बेसवर उभे असते.

या मोनो आवाजामागे एक यंत्र आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय या बँडविषयी नीट बोलता येत नाही. फ्रेड यांच्याकडे प्रेस्टो कंपनीचे १९५०च्या दशकातले तबकडी कोरण्याचे मोनो लेथ होते. पोर्टलंडच्याच ‘किंग्समेन’ बँडने १९६३ मध्ये मुद्रित केलेल्या ‘लुई लुई’ची मूळ प्रत याच लेथवर कोरली गेली, असे सांगितले जाते. या यंत्रावर लॅकरचा थर दिलेली अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरत असते आणि आवाजाच्या लहरींप्रमाणे थरथरणारी सुई तिच्यात खोबण कापत जाते. या चकतीवरून धातूचा साचा आणि साच्यावरून विक्रीच्या प्रती तयार होतात. साधारणपणे हे कोरण्याचे काम एखादा अनुभवी तंत्रज्ञ करतो आणि बँडचा त्याच्याशी फारसा संबंधही येत नाही. इथे ते काम गाणे लिहिणाऱ्या माणसानेच केले. आवाज किती मोठा कापायचा, किती कर्कशपणा राहू द्यायचा आणि गळा किती पुढे ठेवायचा, हे सगळे निर्णय त्यांचेच होते. म्हणूनच हा ओबडधोबड आवाज पैशाअभावी तसा राहून गेला, असे मला वाटत नाही. जवळजवळ दोन दशकांत तो सुधारण्याची संधी त्यांना मिळालीच नसेल हे पटण्यासारखे नाही. त्यांना तो तसाच हवा होता.

तबकडी वाजवण्याविषयी दोन व्यावहारिक गोष्टी सांगते, कारण त्यांनी माझ्या ऐकण्यात बराच फरक पडला. मोनो खोबणीतला आवाज सुईच्या आडव्या हालचालीत साठवलेला असतो, तर आजच्या बहुतेक काट्रिज (सुई बसवलेला, तिची हालचाल टिपणारा भाग) स्टिरिओ असल्यामुळे त्या सुईची उभी हालचालही टिपतात. मोनो तबकडीत त्या उभ्या हालचालीत संगीत नसते. असते ती धूळ आणि घर्षणाची खरखर. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचे बटण असेल तर ते दाबावे. दोन्ही वाहिन्या एकत्र झाल्या की ही उभ्या हालचालीची खरखर बरीचशी कटते आणि गळा स्पष्ट समोर येतो. दुसरे असे, की हे संगीत हेडफोनवर ऐकू नये. डोक्याच्या मध्यभागी अडकलेला हा आवाज थोड्याच वेळात कानाला शिणवतो. स्पीकरवर, खोलीतल्या हवेला धक्का बसेल इतक्या आवाजात, तो मोकळा होतो. अगदी हळू लावून पार्श्वभूमीला ठेवण्याचे हे संगीत नव्हे. तसे लावले तर केवळ वरचा कर्कश भाग उरतो आणि बेस नाहीसा होतो, म्हणजे जे ऐकायचे तेच जाते.

फ्रेड कोल यांची कारकीर्द ‘डेड मून’च्या पुष्कळ आधी सुरू झाली आणि तिचे वळण मला या आवाजाइतकेच महत्त्वाचे वाटते. त्यांचा जन्म १९४८ चा, वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमाचा. १९६०च्या दशकात ते लास व्हेगासमधून निघालेल्या ‘द वीड्स’ या बँडमध्ये गात होते. व्हिएतनाम युद्धासाठी होणारी सक्तीची लष्करभरती टाळण्यासाठी ही मंडळी कॅनडाकडे निघाली आणि पेट्रोल संपल्यामुळे पोर्टलंडमध्ये अडकली. तिथेच फ्रेड आणि टूडी यांची भेट झाली आणि १९६७ मध्ये त्यांनी लग्न केले. पुढे व्यवस्थापकाच्या आग्रहाने बँडचे नाव बदलून ‘द लॉलिपॉप शॉप’ करण्यात आले आणि १९६८ मध्ये त्याच नावाने एका मोठ्या कंपनीकडून एलपी निघाली. तिच्यातले ‘यू मस्ट बी अ विच’ आज गॅरेज रॉकच्या चाहत्यांत मानाने घेतले जाते, पण तेव्हा त्यातून फार काही हाती लागले नाही. विशीत आलेल्या गायकाच्या बँडचे नावसुद्धा दुसऱ्या कोणी ठरवावे, हा अनुभव त्याच्या मनात किती खोल गेला असेल याची कल्पना करता येते. नंतरच्या काळात स्वतःचे लेबल, स्वतःचे दुकान, स्वतःचे लेथ आणि स्वतःच बांधलेले घर, हा जो क्रम दिसतो, त्याचे मूळ मला तिथे दिसते.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या दांपत्याने कॅनडातील युकॉनच्या रानात काही काळ वस्ती करून पाहिली. परत आल्यावर फ्रेड यांनी आणखी बँड काढले. पंकची लाट आली तेव्हा निघालेल्या ‘द रॅट्स’साठी टूडी बेस शिकल्या. मघाशी ज्या बेसविषयी लिहिले, तो अशा प्रकारे संसार मांडल्यावर, मुले झाल्यावर शिकलेल्या वादकाचा आहे, आणि त्यातला अनावश्यक काहीही न वाजवण्याचा संयम मला कित्येक निष्णात बेसवादकांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. ‘डेड मून’ सुरू झाला तेव्हा फ्रेड चाळिशीच्या उंबरठ्यावर होते आणि लूमिस त्यांच्यापेक्षा बरेच तरुण. तबकड्या ‘टूम्बस्टोन’ या त्यांच्या स्वतःच्या लेबलवर निघत. ‘म्युझिक मॅनिअ‍ॅक’ या जर्मन कंपनीने त्या युरोपात पोचवल्या आणि तिथे त्यांना मायदेशापेक्षा कितीतरी मोठा श्रोतृवर्ग मिळाला. कार्यक्रमात बेस ड्रमवर ठेवलेल्या बाटलीत एक मेणबत्ती जळत असे. चंद्रकोरीत कवटी असलेले बँडचे बोधचिन्ह फ्रेड यांनी गालावर गोंदवून घेतले होते.

गाण्यांविषयी माझे मत सरसकट कौतुकाचे नाही. स्मशान, थडगी, रात्र, एकटेपणा ही शब्दसंपत्ती ठरलेली आहे, आणि सलग दोन एलपी ऐकल्या तर एक चाल दुसरीत मिसळू लागते. बहुतेक गाणी एकाच वेगाने धावतात. पण थोडी थोडी ऐकली की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा होतो. ‘डेड मून नाइट’मध्ये संथपणे चढत जाणारा ताण आहे, ‘५४/४० ऑर फाइट’ हे शीर्षक १८४०च्या दशकातील अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या ओरेगनच्या सीमावादातल्या घोषणेवरून घेतले आहे. ती सीमा ५४ अंश ४० मिनिटे अक्षांशावर असावी अशी तेव्हा काही अमेरिकनांची मागणी होती आणि १८४६ मध्ये ती ४९ व्या अक्षांशावर ठरली. आपल्याच भूमीच्या इतिहासातून उचललेली ही घोषणा फ्रेड यांच्या गळ्यातून येते तेव्हा ती जमिनीविषयीची राहत नाही, एका हट्टी माणसाची होते. ‘इट्स ओके’ हे गाणे ‘पर्ल जॅम’ या प्रसिद्ध अमेरिकी रॉक बँडने आपल्या कार्यक्रमांत गायिले, त्यामुळे अनेकांची ‘डेड मून’शी ओळख तिथून झाली. मला स्वतःला सर्वांत अधिक रुचतात ती दोघांचे गळे एकत्र येतात ती गाणी. फ्रेड यांचा आवाज वर फाटत असतो आणि टूडी यांचा आवाज खाली सपाट, ठाम उभा असतो; ते सुरात तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्या किंचित अंतरातच इतक्या वर्षांच्या सहवासाचे माप ऐकू येते. स्टुडिओत कोणी हे दुरुस्त केले असते तर गाणे मेले असते.

बँड २००६ मध्ये थांबला. त्यानंतर फ्रेड आणि टूडी यांनी नव्या ड्रमवादकासोबत ‘पिअर्स्ड अ‍ॅरोज’ काढला. पोर्टलंडच्या क्रिस्टल बॉलरूमला शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने जानेवारी २०१४ मध्ये मूळ तिघे पुन्हा एकत्र आले आणि त्यानंतरही काही कार्यक्रम झाले. मार्च २०१६ मध्ये लूमिस कर्करोगाने गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये फ्रेड गेले.

विकत घेण्याचा विचार असेल, तर संग्रह आणि एलपी यांत मी एलपीची बाजू घेईन. ‘इकोज ऑफ द पास्ट’मध्ये निवड चांगली आहे आणि कारकीर्दीचा आवाका लक्षात येण्यासाठी तो उपयोगी आहे, पण दोन सीडी सलग लावल्या की वर सांगितलेला एकसुरीपणा अधिक जाणवतो आणि एकेका काळाचा आवाज वेगळा राहत नाही. एलपीची एक बाजू मात्र नेमक्या वेळी संपते, उठून ती उलटावी लागते आणि कानाला हवी असलेली विश्रांती आपोआप मिळते. तिन्हींत सुरुवात ‘डिफायन्स’पासून करावी, असे मी सुचवेन, कारण तिथे तिघांचा ताळमेळ पूर्ण बसलेला आहे, मग मागे ‘इन द ग्रेव्हयार्ड’कडे जावे, जिथे हाच आवाज अजून चाचपडत आहे आणि इतरांच्या गाण्यांचा आधार घेतो आहे. पहिल्या फेरीत गिटारकडे लक्ष जाईलच. दुसऱ्या फेरीत ते जाणीवपूर्वक बेसवर ठेवावे.