इंदूरच्या घरात आणि गच्चीवर युक्का: तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

युक्का हे शोभेचं झाड घ्यावं का, असं विचारणाऱ्या इंदूरकरांना मी आधी एकच सांगते: उन्हाळ्याची चिंता सोडा, पावसाळ्याची तयारी ठेवा. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला तरी गच्चीवरचा युक्का ताठ उभा होता. त्याची खरी परीक्षा झाली जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्या परीक्षेत पावसाइतकीच मातीही महत्त्वाची ठरली.

मागच्या संक्रांतीनंतर आम्ही दोन झाडं आणली. हॉलसाठी घेतला तो जाड खोडाचा, मऊ टोकाच्या पानांचा युक्का. नर्सऱ्यांमध्ये बहुतेक हाच दिसतो, एका कुंडीत कमी-जास्त उंचीची दोन-तीन खोडं आणि प्रत्येकाच्या शेंड्याला पानांचा झुबका. हा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. एल साल्वादोरचं हे राष्ट्रीय फूल आहे आणि तिथे त्याची पांढरी फुलं खातातही. गच्चीवर ठेवला तो स्पॅनिश बायोनेट. याची पानं कडक आणि टोकं सुईसारखी असतात.

नर्सरीवाल्या भैयांनी सांगितलं, "दीदी, ये तो भूल जाओ तो भी चलता है." पाण्याच्या बाबतीत ते अगदी खरं निघालं. फक्त ज्या मातीत झाड विकलं जातं, तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. पिशवी फाडली की आत काळ्या मातीचा घट्ट गोळा निघतो. माळव्याची काळी माती गव्हा-सोयाबीनसाठी सोनं आहे, कारण ती ओल धरून ठेवते. युक्काच्या मुळांना नेमकं तेच नको असतं. वर भेगा पडलेल्या दिसतात, म्हणून आपण पाणी घालतो, आणि आत गोळा ओलाच असतो.

म्हणून झाड आणल्यावर काही दिवस सावलीत रुळू दिलं आणि थंडी ओसरल्यावर दोन्हींची माती बदलली. काळा गोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने सोडवला, मुळं ओढून तोडली नाहीत. नवं मिश्रण असं: एक भाग बागेतली माती, एक भाग जाडी रेती (बांधकामाला येते ती नर्मदेची रेती चाळून, धुऊन घेतली) आणि एक भाग विटांचे बारीक तुकडे नि कोळसा मिळून. वरून मूठभर जुनं शेणखत. कोकोपीट घातलं नाही, तेही ओल धरतं. कुंडी मातीचीच घ्या. एकतर ती लवकर सुकते, आणि दुसरं म्हणजे युक्काचा सगळा भार वर असतो. प्लॅस्टिकची हलकी कुंडी वाऱ्याच्या एका झोतात आडवी होते.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या झाडाला चार-पाच दिवसांनी, हॉलमधल्याला दहा-बारा दिवसांनी पाणी पुरलं. पण दिवस मोजण्यापेक्षा बांबूची काडी मातीत खोल खुपसून बघणं जास्त भरवशाचं. काडी कोरडी निघाली तरच पाणी, आणि मग खालच्या भोकातून वाहून जाईल इतकं भरपूर. ताटलीत साचलेलं लगेच ओतून द्यायचं. माळव्यातल्या रात्री उन्हाळ्यातही बऱ्यापैकी थंडावतात, त्याचा या झाडाला फायदा होत असावा असं मला वाटतं.

पाऊस लागल्यावर गच्चीवरची कुंडी ताटलीशिवाय दोन विटांवर चढवली. झड लागली की पोर्चखाली सरकवली. घरातल्याला त्या दिवसांत तीन-तीन आठवडे थेंब पाणी दिलं नाही आणि ते मजेत होतं.

राजेंद्रनगरला आत्याकडे मात्र वेगळं घडलं. त्यांच्या माळ्याने अंगणात सपाट आळं करून, थेट काळ्या मातीत युक्का लावला होता. गणपतीच्या सुमारास खालची पानं पिवळी पडली. त्यात विशेष काही नाही, जुनी पानं अशीच गळतात. पण खोड बुंध्याशी दाबलं तर मऊ लागलं आणि आंबूस वास आला, म्हणजे मुळं कुजली. अशा वेळी खत, औषध, ऊन यांतलं काही उपयोगी पडत नाही. आम्ही खोड वर सरकत सरकत कापत गेलो, आतला गाभा पांढरा, कडक लागेपर्यंत. तपकिरी ठिपका दिसला की आणखी वर. उरलेला निरोगी तुकडा सावलीत आठवडाभर सुकू दिला, कापलेल्या जागेवर खपली धरली, मग नुसत्या रेतीत खोचला. खोडाची वरची बाजू वरच राहील याची खूण करून ठेवा. पानं नसलेल्या तुकड्यात ती चटकन कळत नाही. दिवाळीनंतर त्याला नवा कोंब आला. आत्याचा आनंद बघून मलाही भरून आलं. आता तो मुरूम घालून केलेल्या उंचवट्यावर लावायचा आहे. इंदुरात जमिनीत युक्का लावायचा तर उंचवटा हवाच.

घरात ठेवणाऱ्यांनी प्रकाशाशी तडजोड करू नये. सोफ्यामागचा अंधारा कोपरा शोभून दिसतो, पण तिथे पानं लांबट, फिकट आणि लुळी होतात. आमचा पूर्वेच्या खिडकीशी आहे, सकाळचं ऊन मिळतं, आठवड्याने कुंडी थोडी फिरवते म्हणजे झाड एकाच बाजूला झुकत नाही. घरातून बाहेर काढायचा तर टप्प्याटप्प्याने, आधी सावली, मग कोवळं ऊन. नाहीतर पानांवर पांढुरके भाजल्याचे डाग पडतात आणि ते कधीच जात नाहीत. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, गुलाल गच्चीपर्यंत पोचतो. तेव्हा आणि एरवीही ओल्या फडक्याने पानं पुसली की झाड लगेच टवटवीत दिसतं.

पानांची टोकं तपकिरी होत असतील तर पाण्याकडे बघा. आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, मधल्या दिवसात बोअरिंगचं. बोअरिंगच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, तेच क्षार मुळांशीही साठतात. फ्लोराइडही या झाडाला सोसत नाही. आता नर्मदेचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणीच घालते, नवी पानं स्वच्छ आली आहेत. कीड म्हणाल तर पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला, कापसाला स्पिरिट लावून पुसला आणि नंतर कडुनिंबाचं तेल फवारलं. एवढ्यावर भागलं.

मांजर किंवा कुत्रा असेल तर विचार करून घ्या. युक्कात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, पानं चघळली तर प्राण्यांना उलट्या होतात. आणि लहान मुलांच्या घरात स्पॅनिश बायोनेट नकोच. त्याची टोकं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

फूल अजून नाही, घरातल्याला ते क्वचितच येतं. बियांच्या पाकिटांच्या मागेही लागू नका. अमेरिकेत बहुतेक युक्कांचं परागीभवन एक खास पतंग करतो, हे १८७२ च्या सुमारास लक्षात आलं. मादी पराग गोळा करून फुलात ठेवते, तिथेच अंडी घालते, आणि अळ्या थोड्या बिया खातात. हा पतंग आपल्याकडे नाही. खोडाच्या तुकड्यापासूनच झाड करा, ते सोपंही आहे.

घेताना तीन गोष्टी बघा: खोड बुंध्याशी दाबून कडक लागतंय का, हलवल्यावर ते मातीत डुलत तर नाही ना, आणि मधला कोवळा शेंडा हिरवागार आहे का. पानं थोडी कमी असली तरी चालेल. बुंधा मऊ लागला तर मात्र निम्म्या किमतीतही घेऊ नका.